कार्डाची मागची बाजू

बनी पार्क, जयपूर
१४ नोव्हेंबर २००५

तीर्थरूप दादास,
शालूचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सोबतचं वचनाचं कार्डही पोचलं. दादा, हे नववं. आईला जाऊन पावणेदोन वर्षं होत आली आणि तू मला नऊ कार्डं पाठवलीस. प्रत्येकावर गुलाब नाहीतर कबुतर, आणि खाली बायबलातलं समाधानाचं एक वाक्य. मी ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते. टाकवत नाहीत आणि वाचवतही नाहीत. पोट दुखणाऱ्यापुढे कुणी जेवणाचं ताट वाढावं, तसं होतं मला.

पत्र का लिहिते म्हणशील, तर फोनवर तू कशी आहेस विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणतोस की चल, प्रार्थना करू. डोळे मिटलेल्या माणसाशी भांडता येत नाही. पत्रात तुला मला थांबवता येणार नाही.

आता दगडाविषयी. आईच्या कबरेवर दुसऱ्या वर्षाच्या आठवणीला, म्हणजे १९ फेब्रुवारीला, दगड बसवायचा आणि त्यावर 'शांतीने प्रभूमध्ये झोपी गेली' असं कोरायचं, त्याला तुला माझा होकार हवा आहे. माझा होकार नाही. शांतीने गेली की कशी, हे मला माहीत नाही, कारण मी तिथे नव्हते. आई अकरा दिवस दवाखान्यात होती. मी रोज फोन करत होते आणि तू रोज सांगत होतास की साधा ताप आहे, उतरेल, आता ती झोपलीये. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला चर्चमध्ये प्रत्येकाने डब्यातून एक कार्ड काढलं, त्यात तिला दीर्घायुष्याचं वचन निघालं होतं. ते कार्ड धरून सगळी मंडळी बसली की आई उठणार म्हणजे उठणार, आणि जयपूरहून मुलीला बोलावणं म्हणजे त्या वचनावर अविश्वास दाखवणं. दादा, मी रेल्वेतल्या माणसाची बायको. पास कपाटात पडलेला होता. तरी आईच्या मातीला पोचले नाही. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा मातीवरच्या शेवंतीला वास येत होता.

मी तुला तेव्हा विचारलं, आईने माझी आठवण काढली का. तू म्हणालास, नाही, ती शांत झोपूनच होती. वहिनी स्वयंपाकघरात मला काहीतरी सांगायला लागली होती, तेवढ्यात तू आत आलास आणि तिने घाईघाईने कणीक मळायला घेतली. त्या दिवशी जेवायला भाकऱ्या होत्या. कणकेचं काय काम होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी तब्येत विचारलीस. झोप नाही, आणि छातीत काहीतरी अडकल्यासारखं कायम. गाता येत नाही. जालन्याच्या मंडळीत उपासनेला सगळ्यांच्या आधी हार्मोनियम उघडून बसणारी मी, आता पहिल्या ओळीलाच गळा धरतो. दर गुरुवारी झोटवाड्याला बायकांच्या प्रार्थनासभेला जाते. राजन म्हणतात, जात जा, तेवढाच बदल. सगळं हिंदीत चालतं. मला हिंदीत भाजी घेता येते, दुःख सांगता येत नाही. मागच्या गुरुवारी एका बहनजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की दुःखाचा आत्मा निघून गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन पाहिलं तर गेला नव्हता. चहा गाळताना पुन्हा रडू आलं. आता पुढच्या गुरुवारी साक्ष द्यायला उभी राहा म्हणतात, प्रभूने काय केलं ते सगळ्यांपुढे सांग म्हणतात. काय सांगू? आत्मा परत आला म्हणून सांगू?

शेजारच्या क्वार्टरमध्ये अकोल्याची आनंदी राहते, बौद्ध आहे. ती म्हणते की त्यांच्या विहारात नुसतं गप्प बसतात, बरं वाटलं का असं कुणी विचारत नाही. मला तिचा हेवा वाटला. हे मंडळीत सांगू नकोस.

उत्कर्षा बरी आहे. मामाजींना नमस्ते सांग म्हणाली. मराठीत सांग म्हटलं तर हसत सुटली.

लोभ आहे, पण सध्या तो रागाखाली दबलाय. त्याला तसाच राहू द्यावा, ही विनंती.

तुझी,
शालू



प्रभूची स्तुती असो

जालना
२६ नोव्हेंबर २००५

चि. सौ. शालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचले. दोनदा वाचले. तू लहानपणी रुसलीस की माळवदावर जाऊन बसायचीस आणि खाली सगळ्यांची नावे घेऊन भांडायचीस, त्याची आठवण झाली. तेव्हा आई तुला गूळ-शेंगदाणे दाखवून उतरवायची. माझ्याजवळ गूळ नाही, वचने आहेत, म्हणून ती पाठवतो. दहावे सोबत आहे. निदान हे तरी वाच.

शालू, राग म्हणजे सैतानाला आपण होऊन दिलेला पाट. एकदा बसला की तो जेवूनच उठतो. झाल्या गोष्टी उकरून कोणाला काय मिळणार? आई शांतच गेली, मी तिथे होतो. आम्ही विश्वासात उभे राहिलो, प्रभूने त्याच्या इच्छेप्रमाणे केले. तू त्याच्या चरणी सगळे ठेव आणि मोकळी हो. मी दर शनिवारी तुझ्यासाठी उपास धरतो. तुझी वहिनी म्हणते, उपास धरण्यापेक्षा तिला जाऊन भेटून या. मला शाळेतून रजा कुठे आहे?

नाताळची तयारी चालू आहे. तुझ्याजागी एका मुलाने कीबोर्ड आणला आहे. बटण दाबले की ढोल आपोआप वाजतो, मग मुलाला थांबवता येत नाही. मागच्या रविवारी पाळकसाहेबांचा आशीर्वाद ढोलावरच झाला. तू असतीस तर हसून मंडळीबाहेर गेली असतीस.

दगडवाला भगवान परत विचारून गेला. मजकूर लवकर हवा म्हणतो. तेवढे मनावर घे.

राजनरावांना सलाम, उत्कर्षास आशीर्वाद. लोभ दबलेला असला तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझा,
दिनकरदादा



बनी पार्क, जयपूर
११ डिसेंबर २००५

तीर्थरूप दादास,
शालूचा सप्रेम सलाम. वि. वि.

दहावं कार्ड डब्यात गेलं. पण आज भांडायला बसलेली नाही. आज काहीतरी सांगायचं आहे, आणि ते नीट सांगता येईल की नाही याची धास्ती वाटते.

मंगळवारी दुपारी गहू निवडत होते. राजन ड्युटीवर, उत्कर्षा शाळेत. शेजारी आईचं जुनं पवित्र शास्त्र उघडं होतं, उघडं म्हणजे सवयीनं. त्यात त्या दोन बहिणींची गोष्ट आली. त्यांचा भाऊ आजारी पडला म्हणून त्यांनी प्रभूला निरोप पाठवला, आणि तो चार दिवस उशिरा आला. भाऊ पुरलेला. दादा, ही गोष्ट तू मला रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलीस, चित्र रंगवून घेतलंस. पण आपण नेहमी धावत शेवटाकडे गेलो, कबर उघडून भाऊ जिवंत बाहेर आला तिकडे. त्या बहिणी आधी काय म्हणाल्या तिथे आपण कधी थांबलोच नाही. त्या भांडल्या रे! दोघींनी त्याला तोंडावर सुनावलं की तू इथे असतास तर हे झालं नसतं. आणि त्याने उशीर का झाला ते सांगितलं नाही, त्यांना गप्प बसवलं नाही, कार्ड काढून दिलं नाही. तो रडला.

मी सूप खाली ठेवलं आणि बोलले. मोठ्याने, मराठीत. म्हटलं, तू कुठे होतास? माझ्या भावाला कळलं नाही, तुला तर कळत होतं. माझी आई अकरा दिवस तिथे पडून होती आणि मी इथे मटार सोलत होते, तुला एकदाही मला हलवावंसं वाटलं नाही? कुठल्या गाडीला जागा नव्हती? जे जे पावणेदोन वर्षं गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. आनंदी दार वाजवून आत आली, तिला वाटलं माझं आणि राजनचं जुंपलंय. घरात मी एकटी बघून ती बिचारी घाबरली. मी तिला सांगितलं, प्रार्थना करत होते. ती म्हणाली, अशी करतात होय तुमच्यात? म्हटलं, आजपासून.

ती गेल्यावर मी तशीच भिंतीला टेकून बसले. दृष्टान्त झाला नाही, उजेड पडला नाही. पण कुणीतरी शेजारी येऊन बसलंय आणि त्यालाही रडू येतंय, असं वाटलं. इतकं खरं वाटलं की मी गव्हाचं ताट बाजूला सरकवून जागा केली. मग तिथेच चटईवर दीड तास झोपले. पावणेदोन वर्षांत दुपारी कधी डोळा लागला नव्हता. उठले तर छातीतलं ते अडकलेलं थोडं सैल झालं होतं. गेलं नाही, सैल झालं. त्यानंतर रोज झोप लागते.

पण दादा, आता पुढचं नीट वाच. तुझ्यावरचा राग जागच्या जागी आहे. प्रभूने माझं ऐकून घेतलं, तू अजून घेतलेलं नाहीस. तू काहीतरी लपवतोस, मला ती कणीक आठवते. तुला माफ करायला मी तयार व्हायला लागलेय, पण कशाबद्दल माफ करायचं तेच माहीत नसेल तर कशी करू? नाव न सांगता दुखणं बरं करा म्हटलं तर डॉक्टरसुद्धा हाकलून देतो.

लोभ थोडा वर आलाय. हाताला लागतो आहे, एवढंच.

तुझी,
शालू



प्रभूची स्तुती असो, स्तुती असो

जालना
२७ डिसेंबर २००५

चि. सौ. शालूस,
दादाचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाताळच्या शुभेच्छा! तुझे पत्र वाचून मला राहवलेच नाही. या वर्षी नाताळ रविवारीच आला, मंडळी दारापर्यंत भरलेली. साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो आणि तुझे पत्र वाचून दाखवले. अर्थात घरगुती भाग सोडून. गव्हाचे ताट सरकवून जागा केलीस तिथे चार-पाच बायका रडल्या. भीमरावकाका, जे प्रवचनाला ठरवून झोपतात, ते जागे राहिले. पाळकसाहेब म्हणाले, शालिनीबाईंची साक्ष मंडळीच्या पत्रिकेत छापू. दोन वर्षांची माझी प्रार्थना अशी फळास आली, मला त्या रात्री जेवण गेले नाही इतका आनंद झाला.

तू मोकळी झालीस, आता दगडाला हरकत नसावी असे समजून भगवानला मजकूर देऊन टाकला आहे. पुढच्या आठवड्यात कोरायला घेईल. १९ फेब्रुवारी रविवार आहे. तू येऊन हार्मोनियमवर बसलीस तर मंडळीला फार मोठा आशीर्वाद होईल. कीबोर्डवाल्या मुलाला मी समजावीन.

अकरावे वचन सोबत आहे, आनंदाचे आहे.

तुझी वहिनी उपासनेवरून आल्यापासून घुमी बसली आहे. दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. थंडी फार आहे, त्यामुळे असेल.

लोभ वर आलाच आहे, तो उतू जावो.

तुझा,
दिनकरदादा



बनी पार्क, जयपूर
३ जानेवारी २००६

दादा,

सलाम वगैरे राहू दे.

तू माझं पत्र मंडळीत वाचलंस. घरगुती भाग सोडून. म्हणजे तुझा भाग सोडून. माझं दुखणं तू चारशे माणसांपुढे मांडलंस आणि त्याच्यावर बसलेला तुझा हात तेवढा काढून घेतलास. मी घरात एकटी असताना, ताट सरकवून, कुणाला तरी शेजारी जागा केली होती. तिथे तू भीमरावकाकांना आणून बसवलंस.

पत्र वाचून झाल्यापासून छातीत पुन्हा तेच. दोन दिवस झोप नाही. राजन म्हणाले, फोन करून बोल. म्हटलं, फोन केला तर तो प्रार्थना करेल. उत्कर्षा विचारते, मम्मी, मतलब मामाजींनी चांगलंच केलं ना? तिला काय सांगू? काल गुरुवार नसताना झोटवाड्याला गेले आणि त्या बहनजींना सांगून आले की मला मुक्ती मिळाली असं कुणी माझ्या वतीने जाहीर करायचं नाही. मिळेल तेव्हा मीच सांगेन. त्यांनी चहा दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडचा चहा गोड लागला.

तुला असं वाटतं की मोकळं होणं म्हणजे काही न विचारणं. तुझा विश्वास इतका नाजूक कसा रे, की एका मुलीला बोलावलं तर तो मोडतो आणि एका बहिणीने प्रश्न विचारला तरी मोडतो? त्या दोन बहिणी त्याच्या अंगावर धावून गेल्या तरी तो मोडला नाही.

तुझी अकराच्या अकरा कार्डं परत पाठवत आहे. गुलाब, कबुतरं, सगळी. मला एकाच वाक्याचं उत्तर हवं आहे आणि ते कुठल्याही डब्यातून निघणार नाही. आईने मला बोलवायला सांगितलं होतं का? हो की नाही? हो असेल तर हो लिही. नाही असेल तर वहिनीच्या हाताने नाही लिहून पाठव, तुझ्या नको.

तोवर भगवानचं छिन्नीला हात लावणं बंद. तो मजकूर कोरलास तर मी त्या कबरेवर येणार नाही. या फेब्रुवारीत नाही आणि पुढेही नाही.

शालिनी



जालना
१६ जानेवारी २००६

चि. शालू,

हो.

एका वाक्याचे उत्तर मागितलेस, ते वर लिहिले. पुढचे न वाचलेस तरी चालेल, पण मला लिहायचे आहे.

आईने तुला चार वेळा मागितले. पहिल्या दिवशी दवाखान्यात नेताना रिक्षातच म्हणाली, शालूला कळव. मी म्हणालो, आई, मे महिन्यात तूच जयपूरला जाशील. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी प्रार्थना केली. तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीला म्हणाली, आणि तिने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी तिला रागावलो. चौथ्यांदा पाचव्या दिवशी. सहाव्या दिवसापासून ती तुझे नाव घ्यायची थांबली. मला वाटले तिचा विश्वास बळकट झाला. शालू, मी त्या रविवारी मंडळीत उभा राहून तसे सांगितलेही.

ती गेल्यावर उशीखाली ते वर्षाचे कार्ड सापडले, दीर्घायुष्याचे. मागच्या बाजूला पेन्सिलीने तिचे अक्षर होते. मी ते वाचले आणि खिशात घातले. तेव्हापासून ते माझ्या शाळेच्या टेबलाच्या खणात आहे. तुला अकरा कार्डे पाठवली, ते या एकाला झाकायला. पाठवताना असे वाटत नव्हते. तुझी परत आली, टेबलावर पसरली, तेव्हा वाटले.

ते सोबत आहे. आधी हे पत्र पुरे वाच, मग ते वाच.

काल रविवारी साक्षीच्या वेळी उभा राहिलो. तुझे पत्र वाचले नाही. मी काय केले ते सांगितले आणि कार्ड वाचून दाखवले. कोणी आमेन म्हटले नाही. पाळकसाहेब खाली बघत होते. कार्ड तुझे, आणि ते पुन्हा तुला न विचारता वाचले, हे आता लिहिताना ध्यानात येते आहे. खोड जात नाही. घरी आल्यावर तुझ्या वहिनीने ताट वाढले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसून जेवली. मी रडलो. तिने डाळ वाढली.

भगवानला थांबवले आहे. दगड कोरा पडून आहे.

तुझ्यासाठी माझ्याजवळ आज वचन नाही. आईने तुला बोलावले होते. ते बोलावणे माझ्याजवळ अडकले होते. ते आज पाठवतो.

शालू, ये.

दादा

(सोबत: एक कार्ड. मागच्या बाजूला पेन्सिलीने: शालूला बघावंसं वाटतं. पण परत म्हटलं तर दिनूला वाटेल माझा विश्वास गेला. म्हणून म्हणत नाही. प्रभू, तूच तिला सांग.)



बनी पार्क, जयपूर
२४ जानेवारी २००६

तीर्थरूप दादास,
शालूचा सप्रेम सलाम. वि. वि.

तू सांगितलंस त्याच्या उलट केलं. आधी कार्ड वाचलं.

पहिल्यांदा तुझा राग आला, तो तुला माहीतच आहे. मग आईचा आला. इतका आला की काय सांगू! मरणाच्या दारात पडली आहे आणि काळजी कुणाची, तर दिनूला काय वाटेल याची. आयुष्यभर हेच केलं तिने. दुधावरची साय तुला, कारण दिनू अशक्त. अंगणातली बाज तुला, कारण दिनूला उकडतं. शेवटी माझी आठवणसुद्धा तिने तुझ्यासाठी गिळली. मी रडता रडता हसायला लागले. आनंदी पुन्हा दार वाजवून आली. तिला कार्ड वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली, बरं वाटलं का असं तिने विचारलं नाही.

मग शेवटची ओळ परत वाचली. प्रभू, तूच तिला सांग. दादा, त्या मंगळवारी दुपारी शेजारी येऊन बसला होता तो काय सांगायला आला होता, ते मला आज कळलं. तुझं पत्र मागून आलं. निरोप आधीच पोचला होता, चार दिवस नाही, पावणेदोन वर्षं उशिरा. उशीर का, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मी अजून विचारते. पण आता विचारताना गळा धरत नाही. काल कपडे वाळत घालताना आईच्या आवडत्या गीताची दोन कडवी म्हटली. तिसरं सुरू केलं ते उत्कर्षाने ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, मम्मी, आप गाती हो? बारा वर्षांची पोर, आणि आपली आई गाते हेच विसरून गेली होती.

तुला माफ केलं आहे. सोमवारी केलं, मंगळवारी सकाळी पोळी करपली तेव्हा काढून घेतलं, दुपारी परत दिलं. असंच काही दिवस चालेल, तू घाबरू नकोस. मी बरी झाले असं साक्षीत सांगू नकोस. बरी होतेय, एवढंच. तेही मी आल्यावर मीच सांगेन, आणि पत्रिकेत काहीही छापायचं नाही.

दगडावर आईचं नाव, दोन तारखा, आणि खाली मुलगा दिनकर, मुलगी शालिनी. दुसरं काही नको. त्या दिवशी तुझी प्रार्थना पाच मिनिटांच्या वर जायची नाही, मी घड्याळ घेऊन बसेन. कीबोर्डवाल्या पोराला समजावू नकोस, त्याला माझ्या शेजारी बसव, ढोल कसा थांबवायचा ते दाखवते. वहिनीला सांग, या वेळी कणीक मळू नकोस, माझ्याशी बोल.

आईचं कार्ड बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आहे. आता त्यात एकच आहे.

राजननी पास काढून दिला. मुंबईला गाडी बदलून शनिवारी, १८ तारखेला सकाळी जालन्याला पोचते. स्टेशनवर ये. गाडीला उशीर झाला तर थांब. या वेळी मी येईपर्यंत कुणी काही सुरू करायचं नाही.

लोभ रागाच्या वर आलाय. असाच राहू द्यावा, हे आता तुझ्याही हातात आहे.

तुझी,
शालू